तिरकामठा बाहेर आहे

लाकडाच्या डेपोत दोन गोष्टी साचतात. एक लाकूड, दुसरे किस्से. लाकडाचा दरवर्षी लिलाव व्हायचा आणि डेपो मोकळा व्हायचा. किस्स्यांना बोली लावायला कोणी आलं नाही, ते माझ्याकडेच पडून राहिले. वाळवी लागायच्या आत सांगून टाकतो.

आमचा डेपो धानोऱ्याच्या पुढे, रानात. तेव्हा जिल्हा एकच होता, चांदा. गडचिरोली त्याच्याच पोटात. मी ठेकेदाराची जीप चालवायचो. लढाईतून उरलेली जीप, तिला दारं नव्हती आणि ब्रेक होते असं म्हणायची पद्धत होती. जंगलात गाडी चालवणारा म्हणजे मोठा धाडसी, असं लोकांना वाटतं. मी जन्माचा भित्रा. जीपमधून पाय खाली टाकायच्या आधी मी हॉर्न वाजवायचो. शिकारीला निघालेले लोक त्यावरून मला शिव्या द्यायचे आणि हरणं बहुतेक आशीर्वाद देत असावीत.

संध्याकाळी डेपोसमोरच्या मोहाच्या झाडाखाली आमची बैठक. गुलाबराव मुनशी, म्हणजे डेपोचे कारभारी, मूळचे चिमूरकडचे. त्यांच्याकडे रायफल होती, सासऱ्यांकडून आलेली, आणि ती ते सासऱ्यांपेक्षा जास्त अदबीनं पुसायचे. दुसरा मासू, तोडणाऱ्या मजुरांचा मुकादम, गावातलाच गोंड. तिरकामठ्याचा, म्हणजे धनुष्यबाणाचा शिकारी. आपल्या नेमाबद्दल एकदा बोलायला लागला की थांबवावा लागायचा. तिसरा सखाराम नाकेदार, जंगलखात्याचा राखणदार. त्याच्या हातात नुसती काठी, पण कायदा तिच्या टोकाला बांधलेला.

वाद रोज एकच. गोळी बरी की तीर बरा?

"गोळी म्हणजे जागच्या जागी मोक्ष," मुनशीजी म्हणायचे. "जनावराले समजतही नाई का आपण मेलो."

"आवाज झाला म्हंजे मेलं थोडीच?" मासू म्हणायचा.

मला दोन्हींची भीती वाटायची, म्हणून मी चहा सांगायचो.

*

एकदा मुनशीजींनी बोडीवर चितळ टिपलं. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. मी जीपमध्येच होतो. बार झाला, मुनशीजी ओरडले, "लागला!" आम्ही जाऊन पाहतो तो चितळ नाही. गवतावर थोडे केस, एका पानावर रक्ताचा शिंतोडा. ऊन चढलं होतं, ट्रक भरायचे होते. इकडे तिकडे पाहिलं आणि परत आलो.

संध्याकाळी मोहाखाली मुनशीजींनी किस्सा रंगवून सांगितला. मासूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आनला कुठी?"

"आणला नाई. पण लागला ना."

"लागला म्हंजे तं काम सुरू झालं."

"सुरू कसं? लागला म्हणजे संपलं."

झालं, दोघं त्या एका शब्दावरच भांडायला लागले. मासूचं म्हणणं, माणूस नोकरीले लागला म्हणजे नोकरी संपली का? भात शिजायले लागला म्हणजे जेवण झालं का? मुनशीजींचं म्हणणं, नेमबाजीत असलं व्याकरण चालत नाही. बराच वेळ चाललं. शेवटी सखाराम नाकेदार बिडी विझवत उठला.

"भांडा तुमी निवांत," तो म्हणाला. "ते चितळ तिकडं मराच्या कामाले लागलं असंन."

कोणी हसलं नाही. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, पण मला तसंही पुष्कळदा जात नसे.

*

ह्याच शब्दानं नागपूरच्या एका वकीलसाहेबांचा जीव घ्यायला कमी केलं नव्हतं.

वकीलसाहेब ठेकेदाराचे पाहुणे. नवी रायफल, नवे बूट, नवा टोप, परवाना खिशात. त्यांच्यासाठी हाका ठरला. टेकडीपलीकडून गावकरी डबे बडवत जनावरं हाकलत आणणार, अलीकडे नाल्यावर साहेब मचाणावर. मी खाली जीपमध्ये थांबायला नकार दिला, म्हणून मीही मचाणावर, साहेबांचा थर्मास धरून. मासूला त्यांनी शेजारच्या झाडावर बसवलं होतं, जनावर तिकडे फुटू नये म्हणून.

साहेब रायफल मांडीवर घेऊन बूड सरकवत होते तेवढ्यात तिचा घोडा कुठे अडकला कोण जाणे, बार उडाला. गोळी झाडीत गेली. आम्ही दोघंही गार. आणि नेमकी त्याच वेळी टेकडीपलीकडून आरोळी आली, "लागला होऽऽ!"

आता आमच्याकडे शाळा लागते, कोर्ट लागतं, तसा हाकाही लागतो. म्हणजे हाका सुरू झाला, सांभाळा. पण साहेबांच्या कानात 'लागला' एवढंच शिरलं.

"लागला?" त्यांचा चेहरा फुलला. "नशीब असावं तर असं!" आणि मी शर्ट धरायच्या आत साहेब शिडीवरून खाली.

पुढचं मला सांगवत नाही. आधी माकडं गेली. मग दोन सांबरं साहेबांच्या डाव्या-उजव्या बाजूनं निघून गेली. मग डुकरांचा कळप. साहेब झाडाला पाठ लावून उभे, रायफल छातीशी धरलेली, बाळंतिणीनं पोर धरावं तशी. शेवटी एक अस्वल आलं. ते थांबलं, त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या बुटांचा वास घेतला आणि चालतं झालं. वरून मी देवाचं नाव घेत होतो. हॉर्न खाली जीपमध्ये राहिला होता.

मुनशीजी धावत आले. "साहेब, इतकी जनावरं समोरून गेली, एकावरही गोळी नाही झाडली?"

साहेबांनी कपाळ पुसलं. "जनावरं फार जवळ होती," ते म्हणाले.

मासू झाडावरून उतरत होता. "माह्या तिराले जनावर जवळच लागते," तो मला हळूच म्हणाला. "त्याचे डोये दिसले पायजे. मंग कधी कधी हातच उठत नाई."

*

मासू असं बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, तिरकामठा म्हणजे देवघरातली वस्तू. म्हणून हा किस्साही सांगितलाच पाहिजे.

मोहाचे दिवस होते. आमच्याकडे मोहाची फुलं पहाटे गळतात. बायका अंधारात टोपल्या घेऊन निघतात, उशीर केला तर चितळं आणि अस्वलं खाऊन जातात. माझी बायको गिरजा धानोऱ्याकडचीच, तिला या कामाची लहानपणापासून सवय. मी पोंभुर्ण्याकडचा, मला ती परत येईपर्यंत काही सुचत नसे.

एक दिवस ती निघाली आणि लगेच रिकामी टोपली घेऊन परत आली.

"काऊन वो? काय झालं?"

"मासूभाऊचा तिरकामठा भायेर हाय," ती म्हणाली.

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. मासूच्या घरची बापजाद्यांपासूनची रीत होती, आणि गावातल्या बाकी शिकाऱ्यांनीही ती उचलली होती. तीर लागलेलं जनावर सापडलं नाही, तर तिरकामठा घरात न्यायचा नाही. अंगणातल्या कुंपणाला टेकवून ठेवायचा. आणि तिरकामठा बाहेर म्हणजे माणूसही बाहेर. दिवसभर माग काढायचा, घरी आला तरी जेवण अंगणात, झोप अंगणात. सापडलं की आत.

"मंग आमी बाया जाता-जाता कुंपनं पायतो," गिरजा म्हणाली. "कोनाचा भायेर दिसला का समजाचं, रानात दुखावलेलं जनावर हाय. दुखावलेलं जनावर मानसावर येते."

मासूचा तीर रानडुकराच्या पोटात बसला होता. पोटातला तीर वाईट. डुक्कर कितीतरी दिवस फिरत राहिलं आणि मासू त्याच्यामागे. इकडे मजूर मुकादमाशिवाय बसून, ट्रक रिकामे. मुनशीजी संतापले होते. "एका डुकरापायी माझा डेपो बंद पाडला यानं!"

शेवटी मासू आला. मांस नव्हतंच. डुक्कर सापडलं तेव्हा सडून गेलं होतं. त्यानं फक्त आपल्या तिराचं टोक आणलं होतं.

मुनशीजींचा राग त्याला पाहून उतरला, पण जे बोलायचं ते बोलले. "इतके दिवस त्या जिवानं पोटात लोखंड घेऊन काढले, मासू. हा कुठला नेम? माझी गोळी असती तर जागेवर पडलं असतं."

आम्हाला वाटलं आता मासू उसळणार. तो म्हणाला, "हो." तिरकामठा उचलला आणि घरात गेला.

त्या दिवशी मुनशीजींची बाजू खरी होती. मी आजही तसंच म्हणतो.

*

सखारामनं मासूला एकदा ससा नेताना धरलं. राखीव जंगल, परवाना नाही, म्हणजे चोरी. त्याच आठवड्यात मुनशीजी परवाना काढून सांबर मारून आले होते, ती शिकार.

"नाकेदारभाऊ," मासूनं विचारलं, "कागद दाखवला तं जनावराले कमी दुखते का?"

सखारामकडे उत्तर नव्हतं, म्हणून तो चिडला आणि चिडल्यावर त्याला उत्तर सुचलं. "आन तुमी उन्हाळ्यात सारं गाव मिळून पारधीले जाता तवा? गाभन मादी पायता? पाडस पायता? समोर आलं ते मारता. त्याचं काय?"

आता मासूकडे उत्तर नव्हतं.  मी जीपमध्ये बसून होतो, भांडण वाढलं तर निघता यावं म्हणून इंजिन चालू ठेवलं होतं.

अखेर सखाराम म्हणाला, "ससा ठेव खाली. सरकारजमा."

सरकार त्या संध्याकाळी मोहाखालीच जेवलं. आम्ही चौघंही सरकारात होतो.

*

आता बिबट्याचं. हे सांगताना अजूनही माझे तळहात ओले होतात.

त्या वर्षी एक बिबट गावातल्या शेळ्या न्यायला लागला. भरदिवसा, घरांच्या मागून. लोकांनी आधी मासूला सांगितलं. त्यानं सरळ नाही म्हटलं. "बिबट तिराचं काम नोहे. तीर खाऊन तो अजून बिघडंन. मुनशीजीले सांगा." म्हणजे मुनशीजी हौसेनं गेले नव्हते. गावानं हात जोडले म्हणून गेले, परवानगी काढून गेले.

दुपारी नाल्याकाठी मचाण बांधलं, खाली शेळी बांधली. मी जीप लांब उभी करून तिच्यातच बसलो. ऊन कललं तेव्हा बार झाला आणि मुनशीजींचा आवाज आला, "लागला!"

लागला होता हे खरं. शेळी जिवंत होती, गवतावर रक्त होतं आणि रक्ताची रेघ बांबूच्या दाटीत गेली होती. पण बिबट नव्हता. उजेड उतरत होता. अशा वेळी दुखावलेल्या बिबट्यामागे बांबूत शिरणं म्हणजे आत्महत्या. मुनशीजी म्हणाले, "सकाळी पाहू." कोणीही शहाणा माणूस हेच म्हणाला असता. मी तर जीप आधीच वळवून ठेवली होती.

परत आलो तर मासू मोहाखाली वाट पाहत होता. त्यानं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, "बंदूक कुठी हाय?"

"पेटीत. कुलपात."

"जनावर भायेर हाय ना?"

"म्हणून बंदूक अंगणात ठेवू? कायदा आहे, मासू. रायफल कुलपात पाहिजे. ठाण्यातला जमादार आला तर परवाना जाईन माझा."

"ते बरोबर हाय," मासू म्हणाला. "पन मंग बायायले कसं समजंन?"

"मी सांगतो सगळ्यांले," मुनशीजी म्हणाले, आणि त्यांनी माणूस पाठवला. पण बातमी माणसाच्या पुढे धावली होती. आरोळी गावानं ऐकली होती. बिबट लागला! दोन घरं ओलांडेपर्यंत त्याचं 'मारला' झालं, आणि पाठवलेला माणूस बोलायला लागला तर लोकांनी त्याच्याच हातावर गूळ ठेवला.

मी गिरजाला सांगितलं, सापडला नाही, उद्या जाऊ नको.

"सारं गाव म्हनते मेला," ती म्हणाली. "आन भायेर तं कोनाचा तिरकामठा नाई."

"बंदूक भायेर ठेवत नाई वो, कायदा हाय."

"मंग मी तुमचं आयकू का गावाचं?"

मला वाटलं, ऐकलं तिनं. पहाटे डोळा उघडला तर टोपली जागेवर नव्हती.

मी कसा धावलो ते मला माहीत नाही. मुनशीजींचं दार बडवलं. ते रायफल घेऊन तसेच जीपमध्ये बसले. वाटेत मासू तिरकामठा घेऊन चढला. आणि मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. आयुष्यभर त्या हॉर्नसाठी शिव्या खाल्ल्या होत्या, त्या दिवशी तो सगळ्या रानात ओरडत गेला. बायका मोहाखालून एकेक करून रस्त्यावर यायला लागल्या. कोणी घाबरलेल्या, कोणी माझ्यावर चिडलेल्या, एकीनं तर फुलं सांडली म्हणून मला जीपपर्यंत येऊन सुनावलं. सोबत लेकरंही होती. बिबट मेला म्हणून त्या दिवशी लेकरांनाही आणलं होतं.

गिरजा नव्हती.

मासूनं नाल्यात उतरून माग पाहिला. "पलीकडे गेला," तो म्हणाला. "रक्त त्या काठाले हाय. इकडं काई भेव नाई."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. मासू म्हणतो म्हणजे असेलच, असं मी मनाला समजावत होतो.  मुनशीजी जीपवर उभे राहून चारही दिशांना पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते, बहुतेक तेही माझ्यासारखंच काहीतरी मोजत किंवा म्हणत होते.

तेवढ्यात गिरजा आली. नाल्याच्या अलीकडच्या काठानं, डोक्यावर टोपली, चाल अगदी संथ. ती जवळ आली. मग मूठ उघडली. तिच्या हातात मोहाचं पान होतं आणि पानावर रक्त होतं.

"याच काठाच्या झाडाखाली बसला होता," ती म्हणाली. "मी फुलं वेचता-वेचता हात ठेवला तं भुई अजून गरम होती."

मासूनं मान खाली घातली. तो चुकला होता. मला गिरजावर खूप ओरडायचं होतं. मी तिच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली आणि ती हातात धरून तसाच उभा राहिलो.

*

त्या दिवशी रान पालथं घातलं. बिबट मिळाला नाही.

संध्याकाळी मी जीप लावून येत होतो तर मुनशीजींच्या अंगणात त्यांची बायको सारजाबाई उंबऱ्यावर उभ्या, हातात ताट. मुनशीजी बाहेर जमिनीवर बसले होते. शेजारी कुंपणाला रायफल टेकवलेली.

"हे आत येत नाईत," सारजाबाई मला म्हणाल्या. "काय झालं यायले?"

मी काय सांगणार? त्या पण हुशार, माझं तोंड पाहिलं आणि ताट अंगणात नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बायकांनी कुंपण पाहिलं आणि टोपल्या परत फिरवल्या. गेल्या तर दहा-पंधराजणी मिळून, डबे बडवत. पुष्कळ मोह झाडाखालीच सडला, पण कोणी मुनशीजींना बोललं नाही.

मग व्हायचं तेच झालं. जमादार आला. "मुनशीजी, रायफल बाहेर?"

"मीही बाहेरच आहे," मुनशीजी म्हणाले. "मालकाशेजारी आहे ती. कायद्यात मालकानं कुठं बसावं ते लिहिलंय का?"

जमादारानं डोकं खाजवलं. मग इकडे तिकडे पाहून तोही जवळ बसला, चहा घेतला आणि गेला.

मुनशीजी रोज पहाटे मासूबरोबर जायचे आणि दमून यायचे. दोघांत वाद होईनासा झाला. गोळी बरी की तीर बरा, हे विचारायला मोहाखाली कोणी बसतच नव्हतं. गिधाडं उतरलेली दिसली नाहीत, वास आला नाही, शेळी गेली नाही. लोक म्हणाले, मेला कुठंतरी कपारीत. मुनशीजी म्हणायचे, "असंन. पण सापडला नाही." पाऊस लागला तेव्हा अंगणातून ओसरीवर सरकले, एवढंच. उंबरा ओलांडला नाही.

दिवाळीनंतर ठेकेदारानं त्यांना चांद्याच्या डेपोत नेलं. सामान मीच पोचवलं. निघताना मासू जीपजवळ येऊन उभा राहिला.

चांद्याहून परत आलो तर मासूच्या कुंपणाला तिरकामठा टेकवलेला. 

"मासूभाऊ, काय मारलं?"

"काई नाई."

"मंग हा भायेर काऊन?"

तो तिराची काडी तासत बसला होता. तासतच राहिला.

*

नंतर बरेच महिने चांद्याला जाणं झालं नाही. गेलो तेव्हा मुनशीजींच्या घरी गेलो. भर वस्तीतलं घर, समोर रस्ता, सायकली, दुकानं. जेवायची वेळ होती. मुनशीजी ओसरीवर बसले होते. कुंपणही नव्हतं आणि रायफलही नव्हती.

"विकून टाकली," सारजाबाई म्हणाल्या. "पण जेवण आजूनही भायेर. थंडीत भायेर, पावसात भायेर. शेजारचे मले विचारतात, तुमचं काई भांडण झालं का."

मुनशीजींनी मला पाहिलं. वाळले होते. बस म्हणाले नाहीत, कसा आहेस म्हणाले नाहीत.

"सापडला का?"

"नाई, मुनशीजी."

त्यांनी मान हलवली आणि रस्त्याकडे पाहायला लागले.  मग जे होतं तेच सांगितलं.

"मासूभाऊचा तिरकामठा भायेर हाय."

"त्यानं काय मारलं?"

"काई नाई मारलं."

"मग? केव्हापासून?"

"तुमी गाव सोडलं त्या दिवसापासून."

 रस्त्यावरून एक बैलबंडी गेली, तिच्यामागे कुत्री भुंकत गेली. मग मुनशीजी भिंतीला हात टेकून उठले आणि उंबऱ्याशी जाऊन थांबले.

"अवो," त्यांनी सारजाबाईंना हाक मारली, "दोन पाट मांडा. आत."